बाळाला दूध-सोया सोसत नाही: कोल्हापुरातल्या घरासाठी पायरी-पायरीनं

बाळाच्या लंगोटात रक्ताची बारीक तार दिसते. डॉक्टर तपासून सांगतात, "दुधातलं प्रोटीन सोसत नसावं. आईनं दूध-दुभतं बंद करा, लागलं तर सोयाही." घरी पोहोचेपर्यंत डोक्यात एकच घोळ चालू असतो: मग बाळंतिणीनं खायचं काय आणि बाळाला पाजायचं काय? हा लेख त्या घरासाठी आहे.

कोल्हापुरात हे जरा जास्तच अवघड जातं. गंगावेशीत म्हैस उभी करून धारोष्ण दूध पिणाऱ्यांचं हे गाव. गोकुळ संघ १९६३ सालापासूनचा, आणि जिल्ह्यात डेअरी नसलेलं गाव शोधावं लागेल. पावसाळ्यात शिरोळ-हातकणंगल्याकडं निघालात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन. नेमक्या ह्याच दोन गोष्टी ताटातून काढायच्या आहेत. तरीही हे जमतं, कारण आपल्या रोजच्या भाकरी-आमटीत दूध मुळात फार नसतंच.

आधी हे नक्की काय आहे ते बघू

गाई-म्हशीच्या दुधात मुख्यतः दोन गटांची प्रथिनं असतात, केसीन आणि व्हे. काही तान्ह्या बाळांच्या शरीराला ती परकी वाटतात आणि आतड्याच्या अस्तराला सूज येते. मग शीमध्ये चिकट आव दिसतो, रक्ताच्या तारा दिसतात, उलट्या होतात, अंगावर खरबरीत चट्टे उठतात, काही बाळांचं वजन वाढत नाही. आईनं खाल्लेल्या प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश अंगावरच्या दुधात उतरतो, म्हणून निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळालाही त्रास होऊ शकतो. असं फार क्वचित होतं, ढोबळमानानं २०० बाळांत एखाद्याला. वरचं दूध पिणारी बाळं धरली तर प्रमाण शंभरात दोन-तीन असं मानतात. सोयाचं प्रथिन दुधाहून अगदी वेगळं, तरी पोटाचा त्रास असलेल्या काही बाळांना दोन्ही सोसत नाहीत.

लॅक्टोजचा त्रास ही वेगळी गोष्ट. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती आईच्या दुधात भरपूर असते आणि आईनं काहीही खाल्लं तरी तेवढीच राहते. जन्मतः लॅक्टोज न पचणारं बाळ अतिशय दुर्मिळ. तेव्हा 'लॅक्टोज फ्री' लिहिलेला डबा आणून उपयोग नाही, त्यात दुधाची प्रथिनं जशीच्या तशी असतात.

शेळीचं दूध, म्हशीचं दूध, देशी गाईचं ए-टू दूध, पाणी घालून पातळ केलेलं दूध, दोनदा उकळलेलं दूध, यांतलं काहीच चालत नाही. शेळी आणि म्हशीची प्रथिनं गाईच्या इतकी जवळची आहेत की बाळाचं शरीर त्यांत भेद करत नाही, आणि केसीन उकळून मरत नाही. गल्लीत गाढविणीच्या दुधाची हाळी आली तर तेही नको. ते कच्चं असतं, आणि तान्ह्या बाळाला कच्च्या दुधानं जंतुसंसर्ग झाला तर मूळ दुखणं परवडलं असं होतं.

पायरी पहिली: डॉक्टरांकडून खात्री

नुसतं बाळ रडतं म्हणून बाळंतिणीचं दूध-तूप तोडणं मला पटत नाही. सहा-आठ आठवड्यांची बाळं संध्याकाळी रडतातच. हिरवी शी एकटी दिसली तर तेही लक्षण नव्हे. शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंच, कारण रक्ताची कारणं अनेक असतात: गुदद्वाराजवळची चीर, जंतुसंसर्ग, आईच्या स्तनाग्राला भेग पडून बाळाच्या पोटात गेलेलं रक्त. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, हेही डॉक्टर विचारतील. डिस्चार्जचा कागद बरोबर न्या. शीचा फोटो उजेडात काढून ठेवा. पांढऱ्या सुती लंगोटावर तार जशी दिसते तशी डायपरच्या जेलमध्ये दिसत नाही, म्हणून काही दिवस लंगोटच बरे.

तपासण्यांचं म्हणाल तर, उशिरा दिसणाऱ्या पोटाच्या त्रासात रक्ताची ॲलर्जी तपासणी बहुतेक वेळा 'नॉर्मल' येते. त्यावरून दूध निर्दोष ठरत नाही. आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची) लांबलचक यादीवाली महागडी तपासणी तर करूच नका, तिच्यावरून काही ठरवता येत नाही. निदानाचा खरा मार्ग जुनाच: बंद करून बघणं, आणि पुन्हा सुरू करून बघणं.

पुढच्या गोष्टी मात्र घरी थांबून बघायच्या नाहीत. दूध दिल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घरघर, श्वास लागणं. पाजल्यानंतर एक ते चार तासांत उलट्यांवर उलट्या आणि बाळ पांढरंफटक, गळून गेलेलं. हिरव्या पित्ताची उलटी. रक्त आणि आव मिसळून जेलीसारखी गडद लाल शी, सोबत पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळणं. लघवी कमी होणं. ताप. यांतलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा. शहरात असाल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचंच रुग्णालय आहे, बालरोग विभाग तिथं आहे. खेड्यातून येताना वाटेत 'जरा बघूया' म्हणून कुठं थांबू नका.

पायरी दुसरी: अंगावरचं दूध तोडू नका

घरातली माणसं घाबरून पहिला उपाय सुचवतात तो हा: "तुझं दूधच बाधतंय, डब्याचं चालू करू." उलटं आहे. डब्याच्या साध्या दुधात गाईचं प्रथिन कितीतरी पटींनी जास्त असतं. आईच्या ताटातलं दूध थांबवायचं, आईचं दूध चालू ठेवायचं. तपासणीपुरतं दोन दिवस पाजणं बंद ठेवायचीही सहसा गरज नसते. आधी काढून ठेवलेलं दूध फेकायचं की नाही, हे बाळाच्या त्रासाच्या तीव्रतेवर ठरतं, ते डॉक्टरांना विचारा.

बाळ एरवी हसतं-खेळतं असेल, वजन छान वाढत असेल आणि रक्ताची तार क्वचितच दिसत असेल तर काही डॉक्टर थोडे दिवस काहीच न बदलता थांबतात. काही बाळांचं रक्त आपोआप थांबतं. तसं सुचवलं तर डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असं समजू नका.

पायरी तिसरी: दुधाची झडती

डॉक्टरांनी सांगितलं की दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद. 'पूर्ण' हा शब्द इथं महत्त्वाचा आहे, कारण अर्धवट बंद केलं तर चार आठवड्यांनी आपण होतो तिथंच असतो आणि कळत काहीच नाही.

दूध, दही, ताक, लोणी, साय, खवा, पनीर, चीज, श्रीखंड, पेढा, बर्फी, आइस्क्रीम हे कुणालाही कळतं. फसवतं ते बाकीचं. तूप हे पहिलं. तुपात प्रथिन नावालाच उरतं हे खरं, पण उरतं, आणि कढवलेल्या घरच्या तुपात बेरी किती राहिली हे कोण मोजणार? पारखण्याच्या काळात तूप बंदच. कढी, आंबिलीतलं ताक, भज्याच्या पिठातला दह्याचा चमचा, मटणाला लावलेलं दही, लोणी डोसा, उपम्यावर सोडलेलं तूप, हे सगळं आठवून आठवून काढावं लागतं. चहा कोरा, नाहीतर गवती चहा गूळ घालून.

पाकिटं वाचायची सवय लावा. भारतात पाकीटबंद पदार्थावर दूध, सोयाबीन, शेंगदाणा, गहू, अंडं वगैरे ॲलर्जीकारक घटक वेगळे लिहिणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीखाली 'कंटेन्स' किंवा 'अंतर्भूत' असं लिहिलेली ओळ शोधा. मिल्क सॉलिड्स, स्किम्ड मिल्क पावडर, व्हे पावडर, केसिनेट, बटर फॅट, ही सगळी दुधाचीच नावं. 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्येही केसिनेट असू शकतं, त्या नावावर जाऊ नका. हिरवा ठिपका पाहूनही फसू नका, आपल्याकडं दूध शाकाहारीच धरतात. व्हेगन पदार्थांसाठी हिरव्या चौकटीतलं 'व्ही' आणि पान असं वेगळं चिन्ह आहे, ते मात्र उपयोगी. साधी मारी बिस्किटं, टोस्ट, पाव, केक, नानकटाई, चॉकलेट यांत दुधाचा अंश बहुतेक असतोच. ओळखीच्या बेकरीत विचारलंत तर खरं सांगतात, फक्त "दूध आहे का?" एवढंच न विचारता "दूध पावडर, बटर, तूप काही पडतं का?" असं विचारा.

आता बाळंतिणीच्या नावानं घरात आलेल्या डब्यांकडं वळा. प्रसूतीनंतर घ्यायची प्रोटीन पावडर हा सगळ्यात मोठा चोर. चॉकलेट-वेलचीच्या चवीच्या ह्या डब्यांत बहुतेक करून दुधाचं प्रथिन, सोयाचं प्रथिन, किंवा दोन्ही असतात. आई दिवसभर तुपाचा थेंब टाळते आणि संध्याकाळी दोन चमचे व्हे पाण्यातून घेते. शतावरी कल्प दुधाऐवजी कोमट पाण्यात चालतो, पण तोही डबा आधी वाचून. गोळ्यांमध्ये लॅक्टोज लिहिलेलं असतं, त्याची सहसा भीती नाही. प्रोबायोटिकच्या पुड्या मात्र दुधावर वाढवलेल्या असू शकतात, औषधवाल्याला विचारून घ्या.

पायरी चौथी: सोया, पण लागलं तरच

माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी दोन्ही एकदम सांगितलं नसेल तर आधी फक्त दूध बंद करा. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर सोया. एकदम पाच गोष्टी तोडल्या तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही आणि बाळंतीण मात्र वाळते.

आपल्याकडं सोया लपून बसतं ते पिठात. गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन टाकायची पद्धत कित्येक घरांत आहे, थालीपिठाच्या भाजणीतही. विकतच्या मल्टिग्रेन आट्यात ते बहुधा असतंच. गिरणीत आधी कुणाचं सोयाबीनचं दळण होतं का ते विचारा, असेल तर पहिलं थोडं पीठ वेगळं काढायला सांगा. सोया चंक्स, सोया चिली, गाड्यावरचं चायनीज, सोया सॉस, टोफू हे उघड आहे. अंगणवाडीतून मिळणाऱ्या तयार मिश्रणाच्या पाकिटावरचे घटक वाचा, अशा मिश्रणांत सोयाचं पीठ असू शकतं.

तेलाचं काय? जिल्ह्यातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत रिफाइंड सोयाबीन तेलच असतं. रिफाइंड केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ राहत नाही, आणि बिस्किटांतलं सोया लेसिथिनही बहुतेक बाळांना चालतं. तरीही पारखण्यापुरतं शेंगतेल किंवा सूर्यफुलाचं वापरलंत तर शंका राहत नाही. घाण्यावर काढलेलं सोया तेल मात्र नको, त्यात प्रथिन उरतं.

सोया हे कडधान्य, म्हणून मूग, तूर, हरभरा, मटकी, शेंगदाणे सगळं बंद करायचं असं नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यापायी आई नुसत्या भात-भाजीवर येते.

मग खायचं काय

इथं जरा सविस्तर लिहिते, कारण आयांची उपासमार इथंच होते.

सकाळी पोहे, तेलातलं उप्पीट, घरच्या पिठाची धिरडी, अंडी चालत असतील तर अंडी. दुपारी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, मेथी-चाकवत-तांदळी जी मिळेल ती पालेभाजी, वर शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी. कांदा-लसूण मसाल्यात दूध-सोया दोन्ही नसतं, घरचा असेल तर निर्धास्त वापरा. तिखट खाल्ल्यानं बाळाला रक्त पडत नाही, पण बाळंतिणीला सोसेल तेवढंच.

तांबडा-पांढरा रस्सा चालतो. घरच्या पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू असतात, गाईचं दूध नसतं. हॉटेलातल्या रश्शाची खात्री देता येत नाही, विचारावंच लागतं. मिसळीचा कट चालेल, फरसाण आणि पाव वाचून. सणाला पुरणपोळी सोडायची गरज नाही: आपल्याकडची तेलपोळी कटाच्या आमटीबरोबर खा. डिंकाचे, मेथीचे, आळिवाचे लाडू तुपाविना होतात. डिंक शेंगतेलात फुलवा, खारीक-खोबरं भाजून घ्या आणि गुळाच्या पाकात वळा. चव बदलते, वाईट होत नाही. आळिवाची खीर नारळाच्या दुधात करा, ती तर मला मूळ खिरीहून सरस वाटते.

कॅल्शियमकडं काणाडोळा नको. पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे १,००० ते १,२०० मिलिग्रॅम लागतं आणि दूध बंद झालं की त्यातला मोठा वाटा जातो. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन-तीन भाकऱ्यांत. तीळ त्याहून श्रीमंत, पण तीळ खाऊन खाणार किती? म्हणून डॉक्टर गोळी देतात, ती घ्याच. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकावेळी घेऊ नका, एक सकाळी, एक रात्री. शाकाहारी आयांचं बी-१२ मुख्यतः दुधातून येतं. दूध बंद केलं की त्याची गोळी लागणार, हे आठवणीनं डॉक्टरांना विचारा, पुष्कळदा ते राहून जातं. बाळाला व्हिटॅमिन डी चे थेंब, रोज ४०० युनिट, वर्षाचं होईपर्यंत, हे दूध सोसो वा न सोसो, सगळ्याच बाळांना लागतं.

घरच्यांना कसं सांगायचं

सासूबाई म्हणणार, "अगं, दूध नाही पिलीस तर दूध येणार कुठनं?" आई म्हणणार, "चमचाभर तूप काय करतंय?" शेजारच्या काकू म्हणणार, "आमच्या वेळी असलं काय नव्हतं." वाद घालून हे सुटत नाही. एकदा सासूबाईंना बरोबर घेऊन डॉक्टरांकडं जा आणि डॉक्टरांनाच बोलू द्या. मग लाडू वळायचं काम त्यांच्याकडंच सोपवा: "आई, तुपाविना लाडू तुमच्याच हातचा जमेल." अंगावर दूध येतं ते बाळ ओढतं म्हणून, आणि आई पोटभर जेवते म्हणून. पेलाभर म्हशीच्या दुधावर ते अवलंबून नसतं.

बाळाच्या तोंडात थेट जाणाऱ्या गोष्टींबाबत मात्र सवलत नाही. बारशाला पेढा जिभेला लावणं, पंचामृताचा थेंब, दुधात उगाळलेली गुटी, सगळं बंद. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला नको, त्यातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. दृष्ट हवी तर रोज काढा.

पायरी पाचवी: वही

साधी शंभर पानी वही, तीन रकाने: आईनं काय खाल्लं, बाळाची शी-उलटी कशी, बाकी काही. लांबण लावायची नाही. वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, अंगणवाडीत किंवा दवाखान्यात. उघडं रक्त बहुतेक बाळांत काही दिवस ते दोन आठवड्यांत थांबतं, चिकट आव जरा जास्त रेंगाळतो.

मधेच चुकून ताक पोटात गेलं तर पाजणं थांबवू नका, वहीत लिहा आणि पुढं चला. एका चुकीनं महिनाभराचं सगळं वाया जात नाही.

पायरी सहावी: पुन्हा दूध सुरू करून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. बाळ बरं झालं, मग कशाला विषाची परीक्षा, असं वाटतं. पण बाळ काळानुसार आपोआपही बरं झालेलं असू शकतं, आणि मग आई वर्षभर विनाकारण पथ्य करते. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी, डॉक्टरांच्या संमतीनं, आईनं पुन्हा दूध घेऊन बघायचं. साधारण आठवड्याभरात त्रास परतला तर निदान पक्कं, आणि पुन्हा बंद. परतला नाही तर सुटलात. सोया बंद केलं असेल तर त्याचीही परीक्षा अशीच, पण वेगळ्या वेळी.

ज्यांच्या बाळाला झटपट येणाऱ्या गांधी-सूज किंवा ढासळवणाऱ्या उलट्या झाल्या आहेत त्यांनी हे घरी करायचं नाही. ते दवाखान्यातच.

डब्याच्या दुधाची वेळ आली तर

आईचं दूध पुरत नाही किंवा शक्यच नाही, तेव्हा डॉक्टर 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' फॉर्म्युला लिहून देतात. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक बाळांना ते सोसतात. तेही सोसलं नाही किंवा त्रास फार गंभीर असला तर अमिनो ॲसिडचा फॉर्म्युला. दोन्ही महाग, आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून डबा संपायच्या आठवडाभर आधी मागवा. चव कडवट, वास उग्र. बाळ पहिल्यांदा तोंड फिरवतं, हळूहळू सरावतं. शी हिरवी होते, घाबरू नका. चमचा-पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, महाग आहे म्हणून पातळ करायचं नाही.

'पार्शली हायड्रोलाइज्ड' लिहिलेला डबा वेगळा, तो या दुखण्यात चालत नाही. सोयाचा फॉर्म्युला सहा महिन्यांच्या आत देऊ नये असं युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे, आणि इथं तर सोयाच संशयित आहे. बदामाचं, तांदळाचं, नारळाचं दूध हे वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य दूध होऊ शकत नाही. दुकानदारानं स्वतःहून एखादा डबा पुढं केला तर लक्षात ठेवा, १९९२ च्या कायद्यानं बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला बंदी आहे. सल्ला डॉक्टरांचाच घ्या.

सहा महिन्यांनंतर: उष्टावण आणि पुढं

उष्टावणाची खीर मामानं चांदीच्या चमच्यानंच भरवावी, पण ती तांदूळ आणि नारळाच्या दुधाची, साखरेविना. रोजच्यासाठी नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून, मऊ मुगाच्या डाळीचा भात, लाल भोपळा, रताळं, केळं, चिकू. तुपाच्या जागी चमचाभर शेंगतेल किंवा खोबरेल घाला, बाळाला स्निग्ध लागतंच. विकतच्या तयार पेजेच्या डब्यांत बहुतेकदा दूध पावडर असते. नवा पदार्थ एकावेळी एक, मधे दोन-तीन दिवस.

मांसाहारी घरात अळणी हा आपला खास ठेवा आहे. मटण शिजवताना मीठ पडायच्या आधी बाळाची वाटी बाजूला काढा. मात्र नुसतं पाणी पाजून भागत नाही, लोह मांसात राहतं. खिमा मऊ शिजवून त्याच रश्शात कुस्करून द्या.

ज्या बाळाला पाजल्यानंतर एक ते चार तासांत ढासळवणाऱ्या उलट्या झाल्या होत्या त्याचं गणित निराळं. अशा बाळांपैकी काहींना तांदूळसुद्धा बाधतो, म्हणून पेजेपासूनच डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

दुधाची शिडी

नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास, किंवा पथ्याला सहा महिने झाले की, डॉक्टरांना विचारून बाळाला दूध देऊन बघायचं; झटपट गांधी-सूज किंवा ढासळवणाऱ्या उलट्या झालेल्या बाळांचं मात्र हेही दवाखान्यातच. बाळ तेव्हा ठणठणीत हवं. सर्दी, जुलाब, नुकतीच टोचलेली लस असं काही नको. सुरुवात भट्टीत खरपूस भाजलेल्या पदार्थापासून, कारण पिठात मिसळून खूप तापलं की दुधाची प्रथिनं बदलतात आणि सोसायला सोपी जातात. आधी दूध असलेल्या बिस्किटाचा तुकडा, रोज थोडा वाढवत. मग केक. मग दूध घालून केलेलं धिरडं. मग पनीर, त्यानंतर दही, आणि सगळ्यात शेवटी पेलाभर उकळलेलं दूध. प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबा, डॉक्टर सांगतील तितके. त्रास झाला तर आधीच्या पायरीवर परत या, तिथं जे सोसत होतं ते चालू ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चढा. सोयाची चाचणी दुधाबरोबर एकदम करू नका. आई अजून पाजत असेल तर तिचं पथ्य कधी सोडायचं हेही याच वेळी विचारून घ्या.

नुसत्या रक्ताच्या तारांचा त्रास असलेली बहुतेक बाळं वर्षाच्या आसपास दूध पचवायला लागतात, काहींना दोन-तीन वर्षं लागतात. तोवर अंगणवाडीच्या ताई, पाळणाघर, आजोळ, सगळीकडं एक चिठ्ठी देऊन ठेवा: काय द्यायचं नाही, चुकून दिलं तर काय दिसेल, आणि फोन कुणाला करायचा.